घर गप्प बसणार नाही, तरी बाळ झोपेल

आमचं घर वडगावात, बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी न्हाणी व परडं, अशा एकामागे एक खोल्या. परड्यात जायचं तर सगळ्यांनी माजघरातूनच जायचं, आणि बाळंतिणीची खाट माजघरातच. घरात साडेतीन वर्षांचा माझा थोरला आणि जावेची दोन वर्षांची पोरगी. शेजारच्या घरात पॉवरलूम. दुसऱ्या बाळंतपणाला मी माहेरी गेले नाही, कारण थोरल्याची अंगणवाडी नुकती कुठं मार्गी लागली होती.

पहिले दहा दिवस मी दिवसभर एकच काम केलं: "श्शू... बाळ उठेल." दहाव्या दिवशी कळलं की घरातला सगळ्यात मोठा आवाज माझ्या त्या 'श्शू'चाच होता. त्यापायी थोरला रडायचा, तो रडला की पोरगी रडायची, आणि मग बाळ उठायचं. सासूबाई कट्ट्यावरून म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठली आलीय शांतता? हातमाग घरातच होता की. पोरं झोपलीच की सगळी."

त्यांचं निम्मं बरोबर होतं. उरलेलं निम्मं मला डॉक्टरांकडून, आशाताईंकडून आणि चुका करून शिकावं लागलं. तान्हं बाळ आणि दंगेखोर पोरं एकाच छपराखाली असतील, तर पुढचं त्याच क्रमानं करून बघा.

आधी बाळाची झोप ओळखा

नवजात बाळ दिवसरात्र मिळून साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट लहान असल्यामुळं चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन दीड तासाचं असतं, बाळाचं तासाच्या आतबाहेर. त्यातली निम्मी झोप 'हलती' असते. डोळे पापण्यांखाली फिरतात, बाळ कण्हतं, हातपाय झाडतं, तोंड वेडंवाकडं करतं, मधूनच कुईं करतं. तरीही ते झोपलेलंच असतं.

आमच्याकडं अर्धी जागरणं याच अज्ञानातून झाली. पोरं ओरडली, बाळ हललं, मी झडप घालून उचललं आणि खरोखर जागं केलं. म्हणून पहिली पायरी अशी: बाळ हललं की मनात शंभरपर्यंत मोजा. हात लावू नका, बोलू नका. रडणं चढत गेलं तर उचला. आमच्या बाळाची तीनपैकी एक तरी 'जाग' अशी आपोआप विरून जायची.

दुसरी गोष्ट, बाळ किती वेळ जागं राहू शकतं याची. पहिल्या काही आठवड्यांत पाऊण तास ते तास, दूध पाजण्याचा वेळ धरून. दोन महिन्यांच्या सुमारास तास-दीड तास. त्यापुढं ताणलं की बाळ थकून झोपायचं सोडून चिडचिडं होतं, आणि मग ताटली पडल्याचा आवाजही त्याला सोसत नाही. नजर शून्यात लागणं, तोंड फिरवणं, भुवयांच्या वर लालसरपणा, जांभई, मुठी वळणं या खुणा दिसल्या की पोरांच्या घोळक्यातून बाळाला बाजूला काढा. रडायला लागल्यावर झोपवायला घेणं म्हणजे बस सुटल्यावर स्टँडवर पोचणं.

आवाजामुळं झोपत नाही असं वाटणारं बाळ पुष्कळदा फक्त जास्त थकलेलं असतं. विशेषतः संध्याकाळी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बाळाचं रडणं वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. याचा दोष पोरांच्या दंग्यावर टाकू नका. गप्प घरातही बाळं संध्याकाळी रडतात.

शांतता नको, एकसारखेपणा हवा

पोटात सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येत असतं. तिथं काही मुनींचा आश्रम नसतो. आईच्या रक्ताची सळसळ, हृदयाचे ठोके, आतड्यांची गुरगुर, वर घरातली भांडणं. त्यामुळं एकसुरी आवाज त्याच्या ओळखीचा. १९९० साली इंग्लंडमध्ये चाळीस नवजात बाळांवर एक लहानसा प्रयोग झाला होता. सलग घोंघावणारा आवाज ऐकवलेल्या वीसपैकी सोळा बाळं पाच मिनिटांत झोपली, न ऐकवलेल्या वीसपैकी फक्त पाच.

बाळाला उठवतो तो आवाजातला अचानक बदल. मागाची खटखट चालू असताना आमचं बाळ झोपायचं आणि दुपारी जेवायला माग थांबला की उठायचं! लाईट गेली, पंखा थांबला, की तेच. म्हणून घरातल्या आवाजांचे दोन गट करा. आम्ही एक दिवस खरंच कॅलेंडरच्या मागं लिहून काढले.

अचानक दणका देणारे: कुकरची शिट्टी, लोखंडी फाटकाची कडी, स्टीलचा डबा फरशीवर पडणं, मिक्सर, दाराची बेल, मोबाइलची रिंग, दूधवाल्याचा हॉर्न, आणि आमच्या सासऱ्यांची शिंक. शिंकेला उपाय नाही. बाकीच्यांना आहे. डाळ रात्री भिजवून सकाळी बाळाच्या अंघोळीच्या वेळीच कुकर लावून टाकायचा, तेव्हा ते जागंच असतं. मिक्सरचं वाटण एकदाच, परड्याच्या बाजूला नेऊन. फाटकाच्या कडीला जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळली, दाराच्या बिजागरीत खोबरेल तेल सोडलं, बेलचं बटण काढून टाकलं. पोरांच्या हाताला लागणारे स्टीलचे डबे वरच्या फळीवर गेले आणि खाली प्लॅस्टिकचे आले. एवढ्यानं निम्मा दंगा ओसरला, आणि पोरांना एक शब्दही बोलावा लागला नाही.

एकसुरी चालणारे: पंखा, पाऊस, भाकरी थापल्याचा आवाज, लांबून येणारी मागाची खटखट, मोठ्यांचं साधं बोलणं. हे चालू द्या. आवाजाची कुजबुज करू नका. सतत कुजबुजीत वाढलेल्या बाळाला नेहमीचं बोलणंच दणक्यासारखं वाटू लागतं.

पोरांचा आवाज या दोन्हींच्या मध्ये बसतो. हसणं-बोलणं बाळाला अंगवळणी पडतं, किंचाळी पडत नाही. ती झाकायला खोलीत एक एकसुरी आवाज ठेवता येतो. टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून लावला तरी चालतो, किंवा मोबाइलवर पावसाचा सलग आवाज. मात्र इथं जपा. बाजारात झोपेचा आवाज काढणारी जी यंत्रं मिळतात, त्यातली चौदा २०१४ मध्ये तपासली गेली. पूर्ण आवाजावर ठेवली तर ती सगळीच, फूटभर अंतरावरून, रुग्णालयातल्या नवजात कक्षासाठी ठरवलेली ५० डेसिबलची मर्यादा ओलांडत होती. म्हणून मोबाइल बाळाच्या उशाशी नको. किमान दोन मीटर, म्हणजे सहा-सात फूट लांब, आणि शक्य तितक्या कमी आवाजावर. बाळाजवळ उभं राहून तुम्हाला साध्या आवाजात बोलता आलं पाहिजे. बाळ गाढ झोपलं की हळूहळू कमी करून बंद करा.

आणि मागाचं. वडगाव, शहापूर, अनगोळ भागात विणकरांची घरं पुष्कळ, आणि "आमची पोरं मागापाशीच झोपली" हे अभिमानानं सांगितलं जातं. पण हातमाग वेगळा, पॉवरलूम वेगळा. पॉवरलूमच्या खोलीत आवाज ९० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. कारखान्यात मोठ्या माणसालासुद्धा आठ तासांना ९० हीच मर्यादा आहे. तिथं बाळ झोपतं, पण कानावर परिणाम व्हायचा राहत नाही. पाळणा मागाच्या खोलीत टांगू नका. मध्ये निदान दोन भिंती हव्यात.

याच्या उलटंही ध्यानात ठेवा. शेजारी ताट आपटलं तरी बाळ कधीच दचकत नसेल, तर "किती गुणाचं बाळ" म्हणून सोडून देऊ नका. कानाची तपासणी करून घ्या. पहिल्या महिन्यातच झाली तर उत्तम, दुखत नाही, काही मिनिटांत होते.

गणपती विसर्जनाची मिरवणूक बेळगावात दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र वेगळीच. नियमाप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे आणि वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. तुमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर असेल तर त्या रात्री येळ्ळूर, कडोली, खानापूर, जिथं कुणी आपलं असेल तिथं बाळाला घेऊन जा. बाळाच्या कानात कापसाचे बोळे खुपसू नका.

जागा

ज्या खोलीतून रहदारी आहे तिथं बाळ ठेवू नका, हे सांगायला सोपं. आमच्या घरात सगळ्याच खोल्यांतून रहदारी. शेवटी खाट माजघराच्या मधून काढून आतल्या कोपऱ्यात, धान्याच्या कणगीच्या आडोशाला लावली आणि मध्ये दोरीवर जुनी इरकल साडी पडद्यासारखी टाकली. पडद्यानं आवाज फारसा अडत नाही, पण पोरांची धाव अडते. वाट दिसली की पोरं धावतात. वाट वळवली की चालतात.

स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आणि टीव्हीच्या भिंतीला लागून बाळ नको. भिंतीवर चादरी, गोधड्या, कपड्यांची वळण असली तर आवाज घुमत नाही. रिकाम्या फरशीच्या खोलीत एक सतरंजी घातली तरी फरक कळतो.

पोरांना काय सांगायचं

"ओरडू नको" हे तीन वर्षांच्या पोराला समजतं, पण करता येत नाही. काय नको ते कळतं, काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा "मांजरासारखं चालून दाखव", "आज्जाला कानात जाऊन सांग" असं सांगा. थोरल्याला कानात सांगायचा एवढा नाद लागला की आज्जाच्या कानात थुंकी जायला लागली. असू दे.

'बाळ झोपलंय'ची खूण ठरवा. आमच्याकडं चौकटीच्या खिळ्याला पिवळं दुपटं लावलं की माजघरात मांजराची चाल. दुपटं लावायचं आणि काढायचं काम थोरल्याचं. खूण दिवसभर लटकवू नका, नाहीतर कुणी बघत नाही. बाळाच्या दोन मोठ्या झोपांना तेवढी. बाकी वेळ घर घरासारखं चालू दे. उठता-बसता "बाळ झोपलंय, गप्प बस" ऐकणाऱ्या पोराच्या लेखी बाळ म्हणजे आपलं खेळणं हिरावणारा माणूस ठरतो, आणि मग ते मुद्दाम ओरडतं. यात त्याचा दोष नाही.

पण दोन वर्षांच्या पोरीला दुपट्याचं काय? ती दुपटं ओढून घेऊन पळायची. दोन-अडीच वर्षांच्या आतल्या पोराकडून आवाजावर ताबा ठेवण्याची अपेक्षाच चूक आहे. त्याला समजावायचं नसतं, तिथून उचलून दुसरीकडं न्यायचं असतं. म्हणून तुमच्या घरी पोरांना बाहेर नेणारा माणूस कोण ते आधी ठरवा. आमच्याकडं आज्जा. सकाळी दूध आणायला, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत म्हैस बघायला. पलीकडच्या घरातल्या अक्का कन्नड बोलतात. त्यांच्या कट्ट्यावर पोरगी तासभर रमायची आणि येताना दोन कन्नड शब्द घेऊन यायची. मदत मागायला लाजू नका. सीमाभागात शेजारधर्म भाषा विचारत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दहा मिनिटांचा. बाळाला पाजायला आणि झोपवायला घेण्याआधी दहा मिनिटं फक्त थोरल्याची. मोबाइल बाजूला, बाळ सासूबाईंच्या मांडीवर, आणि मी त्याच्याबरोबर जमिनीवर. आईच्या सोबतीनं पोट भरलं की पोर अर्धा तास आपलं आपण खेळतं. पोट रिकामं असलं की पाजताना नेमकं पाठीवर येऊन बसतं. चार दिवस करून बघा, आणि चार दिवसांत सोडू नका.

शिवाय एक खास टोपली, जी फक्त बाळाला पाजताना-झोपवताना उघडते. आमच्या टोपलीत जुनी कॅलेंडरं, मोठे खडू, चिंध्यांच्या बाहुल्या, प्लॅस्टिकच्या बरण्या आणि लाकडी डाव होता. मणी, बटणं, चिंचोके, नाणी, घड्याळाचे छोटे सेल नकोत. मोठं पोर ते कौतुकानं बाळाच्या तोंडात घालतं.

पाहुण्यांविषयीही बोललं पाहिजे. बाळ बघायला येणारी माणसं पोरांपेक्षा जास्त आवाज करतात आणि त्यांना मांजराची चाल सांगता येत नाही. आम्ही फोनवरच "चारनंतर या" सांगायला लागलो. येणाऱ्यांनी आधी थोरल्याशी बोलावं, मग बाळाकडं जावं, ही अट सासूबाईंनी घातली. मला सुचली नसती.

दिवस कसा लावायचा

तान्ह्या बाळाला वेळापत्रक नसतं, पोरांना असतं. म्हणून बाळाचा दिवस पोरांच्या दिवसावर बेता.

तेल लावून अंघोळ झाल्यावर बाळ सगळ्यात लांब झोपतं, आमचं तर दोन-अडीच तास. ही झोप कुठं खर्च करायची हे तुमच्या हातात आहे. सुरुवातीला न्हाऊ घालणाऱ्या मावशी सकाळी साडेसातला यायच्या, आणि ती सोन्यासारखी झोप पोरांच्या उठण्या-खाण्या-रडण्याच्या वेळेत वाया जायची. मावशींना विनवून साडेनऊची वेळ घेतली. "मला अजून तीन घरं आहेत गं" म्हणून त्या आठवडाभर कुरकुरल्या. पण थोरला अंगणवाडीत, पोरगी आज्जाबरोबर, आणि बाळ दहा ते साडेबारा झोपलेलं. त्यात माझीही तासभर झोप व्हायची.

दुसरं जुळवणं दुपारचं. दोन-तीन वर्षांच्या पोरालाही दुपारची झोप हवी असते. ती मोडली तर संध्याकाळी बाळ आणि पोर एकदम पेटतात. जेवण झालं की दीडच्या सुमारास सगळ्यांनाच आडवं करा. बाळाला त्याआधी पाजून घ्या.

संध्याकाळी सहा ते नऊ झोपेचा हट्टच सोडा. बाळाला कापडी झोळणीत छातीशी बांधून परड्यात फिरा, नाक-तोंड मोकळं आणि हनुवटी छातीला टेकलेली नाही एवढं बघून. पोरं भोवती ओरडू देत.

आवाजापेक्षा हात सांभाळा

पोरांचा आवाज बाळाला फार तर उठवतो. त्यांच्या प्रेमाची मात्र भीती बाळगा. आमच्या पोरीनं एकदा झोपलेल्या बाळाला थंडी वाजते म्हणून तोंडावरून उशी पांघरली. मी चार हातांवर होते म्हणून बरं. त्या दिवसापासून नियम केला: झोपलेलं बाळ आणि जागं पोर एका खोलीत एकटी नाहीत. पाच मिनिटंही नाहीत. चुलीवर दूध उतू गेलं तर जाऊ दे.

बाळ पाठीवरच झोपवा, कुशीवर किंवा पालथं नको. घट्ट, सपाट गादी. उशी, मोहरीची उशी, लोड, जाड वाकळ, बाहुल्या काही नको. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. त्याऐवजी बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, थोडा वेळ पालथं घाला आणि झोपवताना डोक्याची बाजू बदलत राहा.

साडीची झोळी आमच्याकडं घरोघरी. त्यात बाळ लगेच झोपतं हे खरं, पण पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि झोळीला पोरं लोंबकळतात. साडीच्या वेढ्यात मोठ्या पोराची मान अडकू शकते. झोळी वापरायचीच तर मोठं माणूस जवळ बसलेलं असताना, आणि बाळ झोपलं की सपाट जागी ठेवून द्या. रिकामी झोळी वर गुंडाळून बांधा. लाकडी पाळणा असेल तर दोरी पोरांच्या हाताला लागेल अशी सोडू नका. थोरल्याला झोका द्यायची हौस असते, त्याला बाहुलीचा पाळणा द्या.

दुपट्यात गुंडाळल्यानं दचकून उठणं कमी होतं, आणि दंग्याच्या घरात याचा खरंच उपयोग होतो. छातीपाशी दोन बोटं शिरतील इतपत सैल, आणि पाय बेडकासारखे दुमडता येतील असे मोकळे. पाय सरळ करून आवळून बांधल्यानं खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बाळ कुशीवर वळायची चिन्हं दिसू लागली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, की गुंडाळणं बंद.

बेळगावची थंडी आणि खानापूरकडचा पाऊस यांच्या भीतीनं आपण बाळाला फार कोंबतो. आपल्यापेक्षा एक थर जास्त पुरे. हात-पाय गार लागले तर घाबरू नका, मानेच्या मागं किंवा छातीला हात लावून बघा. तिथं घाम असेल तर एक थर काढा. कमी वजनाच्या किंवा लवकर जन्मलेल्या बाळाचं मात्र डॉक्टर सांगतील तसं.

धूर नको. शेकशेगडीवरची ओवा-लसणाची धुरी बाळाच्या खोलीत नको, उदबत्ती नको, बिडी-सिगारेट तर घरातच नको. निपाणी भागात घरी बिड्या वळत असतील तर तंबाखू बाळाच्या खोलीबाहेर, आणि हात धुऊन, पदर बदलून मग बाळाला घ्या. डासांची एक कॉइल जळाली की तिचे बारीक कण शंभरेक सिगारेटींच्या कणांइतके निघतात. मच्छरदाणी लावा. छत्रीसारखी घडीची असेल तर पोरं तिच्यावर पडणार नाहीत अशा जागी.

रात्र

नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. ते भान दोन-तीन महिन्यांत येतं. तोवर तुम्ही खुणा द्यायच्या. दिवसा खिडकी उघडी, उजेड, पोरांचा गलका. रात्री झिरोचा बल्ब, बोलणं नाही, खेळवणं नाही, शी केली असेल किंवा फार भिजलं असेल तरच लंगोट बदलायचं. अशा वेळी दिवसाचा दंगा तुमच्या कामालाच येतो.

बाळ आईच्या खोलीत, पण आपल्या वेगळ्या सपाट जागेवर असलेलं सगळ्यात बरं. आपल्याकडं एकाच गादीवर झोपायची रीत आहे. मग निदान एवढं पाळा: बाळ आणि मोठं पोर शेजारी-शेजारी नाहीत, थोरला बाबांच्या पलीकडं. बाळावर आईची वाकळ नाही. दारू घेतलेला, बिडी-सिगारेट ओढणारा किंवा झोपेचं औषध घेतलेला माणूस त्या गादीवर नाही. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर वेगळी जागाच. आणि सोफ्यावर बाळाला घेऊन कधीच डोळा लागू देऊ नका, ती सगळ्यात वाईट जागा.

बाळाच्या रडण्यानं थोरला रात्रभर उठेल, ही भीती बहुतेक खोटी ठरते. चार-पाच रात्रींत तो त्यातूनही झोपायला लागला. बाबा मात्र पहिल्या रात्रीपासूनच झोपत होते. म्हणून त्यांची पाळी ठरवून दिली: रात्री नऊ ते बारा बाळ त्यांच्याकडं, पाजण्यापुरतं माझ्याकडं.

घरच्या उपायांबद्दल

बाळ झोपत नाही म्हटलं की गुटी निघते. सहाणेवर मुरडशेंग, वेखंड आणि झोपेसाठी जायफळाचे दोन वेढे जास्त. जायफळानं बाळाला गुंगी येते, तिला झोप म्हणत नाहीत, आणि मात्रा जास्त झाली तर जिवावर बेतू शकतं. पहिले सहा महिने आईचं दूधच, वरचं पाणीही नाही. मध तर वर्षभर नाही. त्यातून आतड्याचा गंभीर विषार होऊ शकतो. सासूबाईंना हे मी सांगितलं तेव्हा त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. आशाताईंनी सांगितलं तेव्हा पटलं. आशाताई बाळाला बघायला घरी येतातच, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरातला असा वाद त्या दिवसासाठी राखून ठेवा.

मालिश, कोमट पाणी, मांडीवर थोपटणं, जोजो, हे सगळं जरूर करा. पलीकडच्या अक्का त्याला जोगुळ म्हणतात, आणि त्यांच्या चालीवर आमचं बाळ माझ्या जोजोपेक्षा लवकर झोपायचं.

झोप जास्त वाटली तर

पहिल्या दोनेक आठवड्यांत, जन्मवजन भरून येईपर्यंत, बाळ तीन तासांच्या वर झोपलं तर उठवून पाजा. घरात कितीही सुरेख शांतता पसरली असली तरी. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत.

बाळ उठवूनही उठत नाही, दूध ओढत नाही, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं आहे, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास चालतात, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, झटके येतात, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचा दवाखाना गाठा. सुस्त बाळ आणि शांत बाळ यातला फरक दंग्याच्या घरात चटकन ध्यानात येत नाही, कारण ते एकटंच गप्प असल्याचं कौतुक वाटतं.

तिसरा महिना सरला तशी आमची सगळी घडी मोडली. कुकर, फाटक, किंचाळी कशालाच न जुमानणारं बाळ आता थोरल्याच्या साध्या बोलण्यानंही डोळे उघडायला लागलं. दचकून उठत नव्हतं, मान वळवून त्याला शोधत होतं. दिसला की हसायचं, आणि मग झोप गेलीच. इरकल साडीच्या पडद्याला दुसरी जाड चादर जोडली आणि पिवळं दुपटं पुन्हा खिळ्याला लागलं.